एकच उजवायची राहिली

“एकच उजवायची राहिली आहे. येत्या उन्हाळ्यात तेवढं करून टाक. तिला फार ताटकळत ठेवू नकोस.”

आत्या हे म्हणाल्या तेव्हा दवाखान्यातली नर्स सलाईनची बाटली बदलत होती. तिने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, कारण आत्यांना मूलबाळ नव्हतं, लग्नच झालेलं नव्हतं. मला मात्र कळलं. ह्यांच्या या आत्या कादंबऱ्या लिहायच्या आणि आपल्या नायिकांना ‘माझ्या मुली’ म्हणायच्या. पुस्तक संपलं की आमच्याकडे फोन यायचा, “आणखी एक उजवली.” मला वाटलं, एखादी गोष्ट अर्धी राहिली असेल.

“मला कुठे लिहिता येतं, आत्या?”

“लिहिणारे पुष्कळ आहेत. तू दिलेला शब्द मोडत नाहीस.”

मी हो म्हटलं. हिवाळा सरायच्या आत त्या गेल्या.

त्यांचं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. पहाटेचा पाठ, एक वेळचं जेवण, दिवेलागणीपासून पुरता अंधार पडेपर्यंतचं मौन, यात माझा दिवस जातो. शिवाय खरं सांगायचं तर ते शृंगाराचं वाचायला मला संकोच वाटायचा. एवढंच ठाऊक होतं की सगळ्या कादंबऱ्या एकाच ठिकाणी घडतात. समुद्रकाठच्या त्या उन्हाळी वसाहतीत, जिथे आत्यांचं घर होतं. काळ मात्र शंभर वर्षांपूर्वीचा. वाफेच्या बोटीतून उतरणारी कुटुंबं, त्यांच्या ट्रंका, छत्र्या, पायघोळ कपड्यांतल्या मुली, संध्याकाळी धक्क्यावर वाजणारा बँड. मुलगी उन्हाळ्यापुरती येते, तिथल्याच कुणावर तरी तिचा जीव जडतो, आणि बोटी परत निघायच्या आत लग्न लागतं.

उन्हाळा लागला तसे आम्ही दोघं तिथे गेलो. हे दातांचे डॉक्टर. महिनाभर दवाखाना बंद ठेवून आले ते केवळ माझ्या शब्दाखातर, कारण ह्यांना पाण्याची लहानपणापासून धास्ती. समुद्र पाहायचा तर खिडकीतून, तोही चहा पिता पिता, असा हा माणूस.

वसाहतीतली घरं वर्षभर बंद असतात. त्यांच्या किल्ल्या एकाच बाईकडे. तीच घरं उघडते, खुर्च्यांवरच्या चादरी काढते, गाद्या उन्हात घालते. सगळे तिला किल्लीबाई म्हणतात.

“मग आता पुढचं पुस्तक कोण लिहिणार, वहिनी?” गादी झोडपता झोडपता तिने विचारलं.

“मीच.”

तिचा हात थांबला. “तुम्ही? तुम्ही तर देवमाणूस.”

“मग?”

“मग काही नाही. त्यात हातबित धरतात, म्हणून म्हटलं.”

“तू वाचली आहेस वाटतं सगळी.”

“पाठ आहेत. एक तक्रार आहे फक्त. मुली वेगवेगळ्या, पण पुरुष एकच. कधी होडीवाला, कधी बत्तीवाला, कधी बँडमधला. पण कपाळावर खोक ठरलेली, आणि हसताना खाली बघायची सवय ठरलेली. नवरा बदला की बाई, असं मी आत्याबाईंना तोंडावर म्हटलं होतं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, माझ्याकडे दुसरा नाही.”

मग तिने मला समुद्राच्या बाजूची भिंत दाखवली. लाटा अडवायला बांधलेली जुनी, रुंद भिंत. तिच्यात ओळीने दगडी पाट्या बसवलेल्या. अक्षरं खाऱ्या वाऱ्याने झिजलेली, तरी बोट फिरवलं की लागत होती. सगळी मुलींची नावं. ‘माझ्या मुली’ म्हणजे कोण, ते मला तिथे कळलं.

“तेव्हा एवढे जड कपडे घालून पाण्यात उतरायच्या,” किल्लीबाई म्हणाली. “पाय निसटला की संपलं. आत्याबाई यांच्यातलीच एकेक उचलायच्या. पुस्तक झालं की दिवेलागणीला ओसरीवर बसून शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचायच्या, समुद्राकडे तोंड करून. त्यानंतर मग ती यायची बंद व्हायची.”

“कोण यायची?”

“ओसरी पुसायला मीच असते ना,” ती म्हणाली आणि गादी उलटी करायला निघून गेली.

ओळीतल्या शेवटच्या दगडावर नाव नव्हतं. कोरायला जागा तेवढी सोडलेली होती.

त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि माळ घेऊन ओसरीवर बसले. वारा पडलेला. भरती होती, पण आवाज नव्हता. ओसरीच्या खालच्या पायरीवर एक ओलं पाऊल उमटलं. मग वरच्या पायरीवर दुसरं. लहान, नाजूक पावलं, बोटं नीट जुळलेली. ती चालत आत्यांच्या वेताच्या खुर्चीपर्यंत आली आणि तिथे थांबली. पायांखाली पाण्याचं थारोळं हळूहळू पसरत गेलं. खुर्चीसमोर कुणी नव्हतं.

“झालं का?”

चांगल्या घरातल्या मुलीचा आवाज. घाई नाही, राग नाही. शिंप्याच्या दुकानात येऊन कपडे झाले का विचारावं तसा.

माझं मौन होतं. 

अंधार पडल्यावर मी आत गेले, तर हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “कोण आलं होतं?”

“कुणी नाही. मी जप करत होते.”

“जप करताना ‘झालं का’ असं कोण विचारतं?”

दुसऱ्या दिवसापासून मी आत्यांच्या खोलीत लिहायला बसू लागले. टेबल खिडकीशी, खिडकीतून भिंत आणि पाणी. समोर एका तरुण माणसाचा फोटो टांगलेला. मागच्या वर्षी आत्या आमच्याकडे राहायला होत्या तेव्हा हाच फोटो त्यांनी बरोबर आणून खोलीत लावला होता. एका सकाळी त्यांनी मला हाक मारून विचारलं होतं, “हा कोण गं? इथे कुणी लावला?” मी वयावर ढकललं. पण त्याच वेळी दुधाचा भाव, शेजाऱ्यांच्या नातवाचा वाढदिवस, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

मला जमेल तसं मी लिहिलं. मुलगी बोटीतून उतरते. एक तरुण तिला मागणी घालतो, ती नम्रपणे नकार देते. त्या वर्षी वसाहतीत तापाची साथ येते, मुलगी रुग्णांची सेवा करते, तिचं मन संसारातून उठतं, आणि ती उरलेलं आयुष्य ईश्वराच्या चिंतनात घालवते. शेवट लिहिताना माझे डोळे भरून आले. याहून चांगलं कुणाचं काय व्हावं, असंच मला वाटत होतं.

किल्लीबाईने वाचलं आणि बराच वेळ कागद नुसतेच सारखे केले.

“कसं वाटलं?”

“छान आहे हो. पण वहिनी, ही पोरगी नटूनथटून कधीची दारात बसलीय, आणि तुम्ही तिला पेन्शनीत काढलंत.”

वाचून दाखवायची वेळ नेमकी माझ्या मौनाची. म्हणून मी कागद वेताच्या खुर्चीवर ठेवले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. सकाळी पाहिलं तर कागद चिंब भिजलेले, अक्षर न अक्षर धुऊन निघालेलं. फाडलेले नव्हते. नीट घडी करून परत ठेवलेले होते.

त्यानंतर हे बदलले.

आधी मला ह्यांचे मोजे ओले सापडले. विचारलं तर म्हणाले, जरा खालपर्यंत जाऊन आलो.

“पाण्यात?”

“काठाला गं. छान वाटतं तिथे.”

“तुम्हाला?”

“मलाही नवल वाटलं. कुणी बोलावतंय असं नाही. पण आपली वाट पाहणारं कुणी आहे असं वाटतं. घरी येताना वाटतं ना, तसं.” मग माझा चेहरा पाहून हसले. “तुझं मौन असतं तेव्हाच जातो. तेवढ्या वेळात नाहीतरी मला विचारतं कोण.”

मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं की आता जायचं नाही. हे हो म्हणाले. दात काढताना दुखणार नाही ना, असं विचारणाऱ्याला जसं हो म्हणतात, तसं.

पुढच्या दिवेलागणीला मी माळ घेऊन बसले होते. बागेच्या फाटकाची कडी वाजली. हे खाली निघाले होते. भिंतीतल्या पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर वाकून बूट काढले, देवळाबाहेर काढावेत तसे, शेजारी शेजारी. मग पाण्यात शिरले. घोटा, गुडघा, मांडी. शर्टाची टोकं पाण्यावर तरंगू लागली. डावा हात शरीरापासून थोडा दूर धरलेला, कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा. पाण्याला दचकणारा हा माणूस सरळ चालत होता.

माळ माझ्या हातात होती. लग्नाआधीपासूनचं माझं मौन. बाळंतपणाच्या कळांतही मी ते सांभाळलं होतं. त्या घटकेला ते आठवलं, आणि आठवलं याचीच लाज वाटली.

“अहो,” मी हाक मारली. “अहो, मागे फिरा.”

मोठ्याने मारली नव्हती, त्या वेळेला इतकी वर्षं न वापरलेली हाक मोठी होणार तरी कशी. पण पाण्यावरून ती ह्यांच्यापर्यंत गेली. हे थांबले. स्वतःच्या ओल्या शर्टाकडे पाहिलं आणि मान वळवली, झोपेतून उठलेल्या मुलासारखी.

आणि माझ्या कानाशी, अगदी शेजारून, तो शांत आवाज आला.

“मग दुसरा द्या.”

ह्यांना पुसून, पांघरूण घालून झोपवलं. मौन मोडलं म्हणून दुसरा दिवस नुसत्या पाण्यावर काढला, आणि टेबलाशी बसून त्या फोटोकडे पाहत राहिले. कपाळावर खोक. नजर खाली, ओठ हसण्याच्या बेतात.

मग एकेक उलगडत गेलं. आत्यांकडे दुसरा नव्हता. होता तो एकच, कुणी पुसूही नये असा जुना. त्यालाच त्यांनी थोडा थोडा करून त्या मुलींना दिला. एकीला त्याचं हसणं, एकीला चाल, एकीला एखादी संध्याकाळ. नुसतं रचलेलं त्या मुली घेत नसत, माझे कागद जसे परत आले. खरं घडलेलं लागायचं, आणि दिलं की ते आपल्याकडे उरायचं नाही. शेवटी भिंतीवर फोटो राहिला आणि आत्यांनी मला विचारलं, हा कोण गं.

नाव नसलेल्या मुलीपर्यंत येईतो त्यांच्याजवळ काहीच शिल्लक नव्हतं. माझ्याजवळ होतं. त्यांनी मला का निवडलं, तेही मग कळलं.

आज सकाळी चहाच्या वेळी मी ह्यांना विचारलं, “आपण पहिल्यांदा भेटलो ते आठवतं?”

“न आठवायला काय झालं. कॉलेजच्या दवाखान्यात तू दाढ दाखवायला आलीस. माझा तिसराच पेशंट. तोंडात आरसा घातला तर तू शहारलीस, गार आहे म्हणून. मग मी तो तळहातावर घासून गरम केला. सर मागून म्हणाले, अहो, दाढ बघताय की आरती ओवाळताय?”

“आणि पुढे?”

“पुढे काय, तू तोंड उघडं ठेवून हसलीस. तसं हसणं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं, सगळे दात दिसणारं. एक किडलेला होता.” हे थांबले. “का गं?”

“हे नीट लक्षात ठेवा. पुढे मी कधी विचारलं तर मला असंच सांगा. किडलेल्या दातासकट.”

“तू का विचारशील? तू तर तिथे होतीस.”

मी ह्यांच्या कपात आणखी चहा ओतला. 

वर लिहिलं ते ह्यांचं. माझी आठवण वेगळी आहे. त्या खोलीत मी काय पाहिलं, घरी परतताना वाटेत काय झालं, त्या संध्याकाळी दिवा लावताना माझ्या मनात कुणाचं नाव आलं आणि मी देवाची क्षमा मागितली की नाही, ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

मौन आजपासून पहाटेवर नेलं. देवाला तसं सांगितलं. त्याला वेळेचा आग्रह नसावा.

दुपार कलली आहे. हे ओसरीच्या आतल्या बाजूला डुलकी घेताहेत, बूट मी कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत. किल्लीबाईने कोरे कागद आणून दिले आणि काही न विचारता गेली. टेबल पुसून घेतलं, वेताची खुर्ची समुद्राकडे वळवून ठेवली. खाली भिंतीशी पाणी चढायला लागलं आहे.

पेनमध्ये शाई भरली आणि कागद पुढे ओढला.