मालकाचं नाव

गफ्फारभाईंनी 'फोटो – चार हजार' या ओळीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि बाजूला शून्य लिहिलं.

"फोटोले चार हजार? विमानातून येते का तो फोटोवाला?"

"त्यात मॉडेलचे पैसे हायेत, अब्बा," जिशान म्हणाला. "साडी घालून कोणीतरी उभं तं राहा लागंन."

"मंग आपली तहसीन हाय ना."

तहसीन पाठमोरी बसून कोसा रेशमाच्या साड्यांच्या घड्या घालत होती. तिने वळून पाहिलं नाही. दुकानामागेच घर होतं, आतून तिच्या आईचा, खैरुनचा आवाज आला, "चेहरा नका घेऊ म्हणा. मानेच्या खालून घ्या."

अशा रीतीने मुलीच्या मानेसकट चार हजार वाचले.

मूल गावच्या बाजारातलं गफ्फारभाईंचं दुकान तीस वर्षांचं. आसपासच्या विणकरांकडून रेशमी कोसा घ्यायचा आणि विकायचा, एवढाच धंदा. दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात जिशानच्या डोक्यात वेबसाइट शिरली. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला म्हणे जर्मनीतून ऑर्डर आली होती. चंद्रपूरच्या खुशाल नावाच्या मुलाने कॉम्प्युटरवर टाइप केलेलं अंदाजपत्रक दिलं: साइटचं नाव आणि इंटरनेटवरची जागा यांचे वर्षाला साडेतीन हजार, सात पानं साडेदहा हजार, फोटो चार हजार, इंग्रजी मजकूर अडीच हजार, वर्षभर ई-मेलच्या पत्रांना उत्तरं आणि नवा माल चढवणं सहा हजार. एकूण साडेसव्वीस. हाताशी होते अठरा.

हे अठरा हजार तहसीनचे होते. सात महिन्यांपूर्वी तिचा तलाक झाला आणि लग्नात दिलेलं सामान बल्लारपूरच्या सासरहून मेटॅडोरमधून परत आलं. फ्रिज, लोखंडी कपाट, डबल बेड, शिलाई मशीन. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं शेजारचे हसतहसत म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं; घरात ठेवायला जागाच नव्हती. पंधरा दिवस सगळं ओसरीवर ताडपत्रीखाली पडून होतं. मग एकेक वस्तू विकली गेली. सगळ्याचे मिळून अठरा हजार आले. त्यांच्याखेरीज तहसीनचं म्हणावं असं जगात काही नव्हतं.

"धंद्यात लावू काय?" अब्बांनी विचारलं होतं.

"लावा," ती म्हणाली होती. तलावात फेकू का विचारलं असतं, तरी तिने हेच सांगितलं असतं. सात महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. लोकांना त्याचं कौतुक होतं. पोरगी खंबीर आहे म्हणत. खंबीर कसली, बधिर झाली होती. चहा गरम आहे हे तिला जीभ पोळल्यावर कळायचं, आणि ते कळूनही ती पीतच राहायची.

पेन्सिल खाली सरकली.

"इंग्रजीचे अडीच हजार काऊन?"

"आपा बी.ए. हाय. लिहून देईन," जिशान म्हणाला. "पत्राचं उत्तरबी तीच देईन. बसूनच तं राह्यते दिवसभर."

दोन शून्यं आणखी पडली. गफ्फारभाईंनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि मुलाकडे कौतुकाने पाहिलं. चौदा हजार. वर चार हजार उरत होते.

"त्यात माह्या मोबाइल येते," जिशान म्हणाला. "साइटवर नंबर तं लागंन ना कोणाचा."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, पण जिशान वाईट मुलगा नव्हता. बहिणीचं काही घेतोय हे त्याच्या मनातही आलं नसेल. घरातलं ते घरातलंच, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर फोटो झाले. जिशानने मित्राचा कॅमेरा आणला होता. तहसीन एकामागून एक सहा साड्या नेसून भिंतीशी उभी राहिली.

"पदर थोडा पसर, आपा. हात खाली घे. हां, अशीच राह्य."

ती तशीच राहिली. तासभर ऊन डोक्यावर होतं. फोटोत डोकं येणार नव्हतं, म्हणून घाम कुणी पुसायला सांगितला नाही.

इंग्रजी लिहायला तिला चार रात्री लागल्या. कोसा किड्यांचा कोश कुठल्या झाडावर धरतो, धागा कसा काढतात, रंग का टिकतो. लिहिताना एकदोनदा तिला वाटलं, हे बरं जमतंय. मग ते वाटणंही विझलं.

सोमवारी ती एकटीच चंद्रपूरच्या बसमध्ये बसली. जिशानला दुकानात माल उतरवून घ्यायचा होता. निघताना त्याने तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी कोंबली. 'जिशान गफ्फार शेख, प्रोप्रायटर'. खाली पत्ता.

खुशालचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक मोडकी खुर्ची. ती खुर्ची त्याने स्वतः घेतली, तहसीनला चांगली दिली. मजकूर वाचून त्याने विचारलं, "कोणाकडून लिहून घेतलं, ताई?"

"मीच लिहिलं."

"भारी झालं. मी याचे अडीच हजार लावले होते, तेबी एवढं चांगलं नसतं आलं." त्याने फोटो उघडले. पडद्यावर एक बिनडोक्याची बाई सहा साड्यांमध्ये सहा वेळा उभी राहिली. तहसीनने तिच्याकडे पाहिलं. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. तो आपला आहे, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"पत्राचं काम कोण पाहीन?"

"मीच."

खुशालने अंदाजपत्रकावरची शून्यं पाहिली. साडेबारा हजारांची शून्यं. तो काही बोलणार होता, पण गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये, एवढं त्याला कळत होतं. त्याने फॉर्म उघडला.

"साइटचं नाव आता घेऊन टाकतो. मालक कोण लिहू?" आणि मग जरा थांबून, "नीट सांगजा, ताई. नंतर बदलाचं म्हटलं तं ज्याचं नाव हाय त्याचीच सही लागते. दुसऱ्याचं काही चालत नाही."

तहसीनने पर्स उघडली. बोटांना चिठ्ठी लागली. तिने अठरातले चौदा हजार काढले आणि पर्स बंद केली.

"तहसीन गफ्फार शेख," ती म्हणाली. बँकेच्या खिडकीशी सांगावं तसं. काही धाडस केलंय असं तिला वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

पण परतीच्या बसमध्ये तिने पावती काढून त्यावरचं स्वतःचं नाव पुन्हा वाचलं. मग पर्स मांडीवर दाबून धरली. आता काय होणार, हा विचार आला आणि तिला भीती वाटली. खरीखुरी भीती. कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी वाटत होतं.

ती दुकानात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. गफ्फारभाई गादीवर एकटेच होते. तिने पावती आणि उरलेले चार हजार त्यांच्यापुढे ठेवले आणि उभीच राहिली. त्यांनी चष्मा लावला. एका ओळीच्या पावतीला लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ ते वाचत राहिले.

"हे तूच सांगितलं?"

"पैसे माहे होते, अब्बा."

 

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. जिशान चप्पल काढता काढताच विचारू लागला, "झालं का, आपा? माह्या नावावर झालं ना?"

तहसीनने जमिनीकडे पाहिलं. गफ्फारभाईंनी पावतीची घडी घातली.

"दुकानाच्या नावावर केलं," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं तिले."

"अन् पावती?"

"डाकेनं येईन."

जिशानने खांदे उडवले. "मंग मोबाइलचे पैसे द्या."

"थांब जरा. दर साली भरा लागते म्हणते हे. पुढच्या सालचे साडेतीन हजार कोण, तुह्या सासरा भरीन काय?"

जिशान कुरकुरत आत गेला. आत ताटं मांडल्याचा आवाज झाला. गफ्फारभाईंनी पावती आणि नोटा एकत्र धरून मुलीपुढे केल्या, तिच्याकडे न पाहता.

"गल्ल्यात नको ठेवू," ते म्हणाले. "तुह्या जवळ ठेव."

तहसीनने हात पुढे केला आणि मग, भर दुकानात, रस्त्यावरून माणसं जात-येत असताना, ती रडायला लागली.