मुंगीचा जिराफ

मुलांच्या वॉर्डात सगळ्यांना पावडरचं दूध असायचं. रिकामे झालेले पत्र्याचे डबे वॉर्ड पुसणाऱ्या मावशी काळ्या पिशवीत कोंबून न्यायच्या, आणि त्या डब्यांच्या खडखडाटाहून मावशींचा आवाज मोठा. एकदा मुंगी गादीवरूनच ओरडली, "मावशी, तो टाकू नका! तो हत्ती आहे."

"हत्ती होय? मग सोंड कुठंय गं बाई?"

"आई करेल."

झालं. आईला सोंड करावी लागली.

मुंगी सात वर्षांची. घरी असताना सापडेल ते उचलून आपल्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. बुचं, बटणं, कुणाच्या तरी चपलेचा तुटका पट्टा. म्हणून मुंगी. आता रक्तच बिघडलेलं, डोक्यावर औषधाला केस उरला नव्हता, पण नाव तेवढं टिकून होतं.

डब्याचं तोंड कापलं की कडेला जी धार राहते ती दिसत नाही, बोटालाच कळते. आईला ती पहिल्याच डब्यात कळली. मग तिनं कड चमच्याच्या पाठीनं ठोकून आत वळवली, त्यावर पॉलिश पेपर फिरवला. तो बाबा आणायचा. बाबा फर्निचरच्या कारखान्यात होता, त्याच्या खिशात पाकीट नसलं तरी पॉलिश पेपर असायचाच. तरीही आईचं समाधान होईना. शेवटी सिस्टरकडून न वापरलेली, मुदत संपलेली सलाईनची नळी मागून घेतली, ती उभी चिरली आणि डब्याच्या कडेवर गोल बसवली. आता लहान बाळानं तोंड लावलं तरी चालेल अशी मऊ कड. पावडरमध्ये येतो त्या मापाच्या चमच्याची सोंड झाली, झाकण मधोमध कापून दोन कान झाले आणि काळ्या चिकटपट्टीचे गोल कापून डोळे.

"हा वकिलाला द्यायचा," मुंगीनं ठरवून टाकलं.

वकील म्हणजे शेजारच्या खाटेवरचा नऊ वर्षांचा मुलगा. रक्त काढायला कुणी आलं की विचारायचा, "कालचं संपलं का?" हत्तीच्या पोटात त्यानं आपल्या पेन्सिली ठेवल्या आणि येईल त्या डॉक्टरला बजावलं, "हत्तीला हात लावायचा नाही, तो साक्षीदार आहे."

मग सगळ्यांनाच हवे झाले. कुणाला काय ते मुंगी ठरवायची. चोरून गोड खाणाऱ्या साखरीला बेडूक, कारण बेडकाचं तोंड मोठं. रात्रभर टक्क जागणाऱ्या पोराला घुबड. एकीला ससा, एकाला मांजर. खाटेखाली पिशव्यांमध्ये हरवणाऱ्या सगळ्यांच्या चीजवस्तू आता प्राण्यांच्या पोटात राहू लागल्या. मोठ्या सिस्टरसुद्धा म्हणाल्या, "चला, निदान थर्मामीटर तरी सापडतंय."

"आणि तुला गं काय करू?" आई विचारायची.

"माझा शेवटी. सगळ्यांचे करून करून तुझा हात बसेल. मग माझा भारी होईल."

हिशोब पक्का होता. आई हसली आणि पुढच्या डब्याला लागली.

वकिलाची खाट एका सकाळी रिकामी दिसली. मुलांना सांगितलं, त्याला वरच्या मजल्यावर हलवलंय. मुलांनी माना डोलावल्या. वर मजलाच नव्हता. वर गच्ची होती आणि पाण्याच्या टाक्या, हे वकिलानंच सगळ्यांना आधी सांगून ठेवलेलं होतं. त्यानंतर साखरी गेली. मग घुबडवाला.

बायका गरम पाण्याच्या नळाशी थांबून बोलायच्या. मुंगीची आई बाटली घेऊन गेली की बोलणं पाण्याच्या आवाजाएवढं व्हायचं, आणि नळ बंद केला की तेही बंद. तिच्या कानावर काही पडत नव्हतं असं नाही. पण ती स्वतःशी म्हणायची, दुःखात माणूस कशावरही खापर फोडतं, डब्यावर फोडलं तर फोडू देत. डब्याला काय होतंय?

तेवढ्यात वकिलाच्या खाटेवर एक बाळ आलं. खाली दोन दात, वर टक्कल, आणि कुणीही दिसलं की हसायचं. मुंगी त्याच्यावर खूश. "त्याला कोंबडी," ती म्हणाली. कोंबडी छान झाली होती. लाल चिकटपट्टीचा तुरा, कापूस ठेवायला ऐसपैस पोट. बाळाची आई अंघोळीला गेली होती तेव्हा मुंगीच्या आईनं ती बाळाच्या उशाशी ठेवली.

परत आल्यावर त्या बाईनं ओला टॉवेल खांद्यावरून काढलासुद्धा नाही. कोंबडीला दोन बोटांत धरून ती मुंगीच्या खाटेपाशी आली.

"ताई, राग मानू नका. पण हे तुमच्याकडेच ठेवा."

"अहो, नुसता डबा आहे."

"मला पण दिसतंय डबा आहे. घ्या म्हणते ना."

"ससा नेला ती पोरगी घरी गेली. मांजरवाला पण घरी गेला, उड्या मारत गेला. त्यांचं कुणीच का मोजत नाही?"

बाईनं वळून बाळाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मग तुमच्या मुलीला का नाही केलात अजून एकही?"

उत्तर तयार होतं. तीच म्हणते, माझा शेवटी. पण ओठांपर्यंत आल्यावर ते शब्द आईला स्वतःलाच असे काही ऐकू आले, की तिनं तोंड मिटलं आणि कोंबडी घेतली.

मुंगीनं विचारलं, "परत का दिली?"

"त्यांच्या टेबलावर जागा नाही गं."

"बरं. म्हणजे आता कुणी उरलं नाही. आता माझा." ती उठून बसायचा प्रयत्न करत होती. "मला जिराफ हवा. एकावर एक दोन डबे. खालच्यात काहीही ठेव. वरच्यात क्लिपा."

"क्लिपा कशाला?"

"केस आल्यावर लागतील ना! तेव्हा काय शोधत बसायचं?"

आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कापलेल्या गवतासारखंही ते हाताला लागत नव्हतं, नुसतं गुळगुळीत आणि गरम. "करू हं," ती म्हणाली.

आधी सारखे दोन डबे नव्हते. मावशींनी ते आणून खाटेवर आदळले, "घ्या, जुळे आहेत." मग पिवळी चिकटपट्टी नव्हती. बाबानं पिवळी आणली, वर ठिपक्यांसाठी तपकिरीही आणली. मग कात्रीला धार नव्हती. सगळं सामान पिशवीत भरून खाटेखाली तयार होतं. आई रोज ती पिशवी पुढे ओढायची आणि पुन्हा आत सारायची. डब्यानं कुणाचं काही होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण माहीत होतं ते डोक्याला. हाताला कोण सांगणार? घरी गेलेली ससेवाली आता तिला आठवायची नाही. मांजरवाल्याचा चेहरासुद्धा पुसट झालेला. आठवायचा तो पेन्सिलींसकट उशाशी उभा राहिलेला हत्ती.

बाबा कामावरून परस्पर यायचा, अंगाला लाकडाचा भुसा घेऊन. सिस्टर त्याला दारातच झटकायला लावायच्या. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "अगं, पोरगी कधीची मागतेय. दोन डबे तर जोडायचे. आण, मी जोडतो."

"हात लावू नकोस!"

आवाज असा चढला की पलीकडचं बाळ दचकलं. आई बाबाला बाहेर बाकापाशी घेऊन गेली आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो हसेल. तो हसला नाही.

"मला वाटायचं आपल्यात तू शहाणी."

"मला पण तसंच वाटायचं."

तो खिशातला पॉलिश पेपर काढून उगीच घड्या घालत बसला. "लाकडाला काय कळतं," तो म्हणाला, "आपल्यातून पाळणा निघतोय का..." आणि त्यानं पेपर पुन्हा खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी डोळे मिटून पडली होती. आईला वाटलं झोपलीय.

"आई, तुला जिराफ येत नाही का?"

"येतो की. न यायला काय झालं?"

"मग तू घाबरलीस. त्या नव्या काकूंसारखी."

आईनं तिचं पांघरूण सारखं केलं.

"वकील हत्तीमुळे नाही गेला," मुंगी समजावणीच्या सुरात म्हणाली. "तो आधीच आजारी होता. आजारी होता म्हणून तर इथं आला ना? हत्ती नंतर आला. तुला एवढं पण कळत नाही?"

"कळतं गं राणी."

"मग कर ना."

"उद्या करते. अगदी नक्की."

"उद्या उद्या काय करतेस! तू म्हणजे ना..." एवढंच बोलून तिला दम लागला.

रात्रीत ताप चढला आणि उतरायचं नाव घेईना. सकाळी तिला काचेच्या खोलीत नेलं. ती खोली वॉर्डाच्या टोकाला होती. आत जायला फक्त डॉक्टर आणि सिस्टर, घरच्यांनी काचेबाहेर उभं राहायचं. मुंगीच्या तोंडावर मास्क होता. मास्कच्या वर नुसते डोळे राहिलेले, आणि ते डोळे आईला शोधत होते.

आईनं मोठ्या सिस्टरना गाठलं. "डबा आत नेऊ देतील का?"

"कुठला डबा?"

"जिराफ. तिला कबूल केलेला."

सिस्टरनी आधी काचेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "स्पिरिटनं पुसून, पिशवीत बंद करून मी नेईन. पण आत्ता दे बाळा. नंतर देते वगैरे म्हणू नकोस."

आई खाटेखालची पिशवी घेऊन आली आणि काचेसमोरच्या जमिनीवरच बसली, मुंगीला दिसेल अशी. कड ठोकली. पेपर फिरवला. नळी उभी चिरली. इतके दिवस अडून बसलेला हात आता थांबायला तयार नव्हता. एक डबा दुसऱ्यावर बसवून मध्ये चिकटपट्टीचे वेढे घातले, तीच मान. पिवळ्यावर तपकिरी ठिपके. चमच्यांचे दोन दांडे कापून शिंगं केली. कान, शेपूट, डोळे. बाबा शेजारी उकिडवा बसून चिकटपट्टी फाडून फाडून देत होता. येणारे-जाणारे पायांनी अंदाज घेत बाजूनं जात होते. वरच्या डब्यात आईनं क्लिपा टाकल्या. स्वतःच्याच केसांतून काढलेल्या. दुसऱ्या होत्या कुठे?

सिस्टरनी जिराफ आत नेला आणि मुंगीच्या तोंडासमोर धरला. पिशवीतल्या डब्यात क्लिपा वाजल्या असाव्यात, कारण मुंगीच्या डोळ्यांच्या कडा हसल्यासारख्या आकसल्या. मग तिनं जिराफाला नीट निरखलं. खालून वर, मालकिणीसारखं. सलाईन लावलेला हात कसाबसा उचलून तिनं एक बोट स्वतःच्या डोळ्याकडे नेलं, मग अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

"काय म्हणतेय?" बाबानं विचारलं.

"डोळे लहान झालेत म्हणतेय." आई रडत होती आणि हसतही होती. "बघ की, एवढ्यात पण चूक काढली."

तिनं काळ्या चिकटपट्टीचा नवा गोल कापला, जरा मोठा, आणि काचेवर धरला. "एवढे?"

मुंगीनं उशीवर मान हलवली. नाही.

आईनं आणखी मोठा कापला. "एवढे?"

नाही.

"अगं, जिराफ आहे की घुबड!" बाबा काचेला तोंड लावून म्हणाला. आत ऐकू जात नव्हतं, तरी म्हणाला.

तिसरा गोल चांगला बांगडीएवढा झाला. आईनं तो दोन्ही हातांनी सपाट करून काचेवर धरला. मुंगी त्याच्याकडे बघत होती. मान हलली नाही. म्हणजे पसंत पडला असणार. आई तशीच धरून उभी राहिली. मग सिस्टर वळल्या, खाटेशेजारच्या यंत्राकडे पाहिलं, आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारली. डॉक्टर धावत आत गेले. पांढऱ्या पाठी खाटेभोवती उभ्या राहिल्या आणि मुंगी दिसेनाशी झाली. खूप वेळानं पाठी एकेक करून सरळ झाल्या. मोठ्या सिस्टर काचेपाशी आल्या. त्यांनी आईकडे बघून एकदा मान खाली घातली आणि पडदा ओढून घेतला.

बाबा खाली बसला तो तिथंच बसला. आई उभीच. काळा गोल काचेवर, त्यावर तिचे दोन्ही तळवे, आणि एका हाताच्या करंगळीत अजून कात्री अडकलेली.

बाळाची आई मागून आली. कडेवर बाळ होतं, ते नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे बघून हसत होतं. तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि मोकळ्या झालेल्या हातानं मुंगीच्या आईच्या बोटातून कात्री सोडवून घेतली, हळू, टोक लागणार नाही अशी.