राख वरच राहिली

नागपूरच्या विमानतळापासून कामिनीनं ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. पिशवीत तांब्याचा छोटा गडू होता, गडूच्या तोंडाला लाल फडकं बांधलेलं होतं आणि आत अनुप होता. म्हणजे जेवढा उरला होता तेवढा.

गाडीत पुढच्या सीटवर अनुपचे वडील भैय्यालाल धकाते बसले होते. पवनीला त्यांचं हातमागाच्या कापडाचं दुकान होतं, घरी एक जुना मागही होता. मुळातच कमी बोलणारा माणूस, त्यात वर्षभरात आणखी आटलेला. उमरेड मागं पडलं तरी त्यांनी एकदाही वळून त्या पिशवीकडे पाहिलं नाही. भिवापूरला चहासाठी गाडी थांबली, ड्रायव्हर उतरून टपरीकडे गेला, तेव्हा ते समोरच्या काचेकडेच बघत म्हणाले,

"बेटा, एक सांगतो. ते वरून टाकलं ना, ते अनुपच्या मायले नोको सांगजो."

"काकूंना माहीत नाही?"

"नाई. तुमी फोन केला तवा मीच हो म्हनलं. पोराची इच्छा होती तं होऊ द्या म्हनलं. तिले वाटते, सगळाच येऊन राहिला."

कामिनीनं पिशवी जवळ ओढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं धान शेतात आडवं पडलं होतं आणि बायका भारे बांधत होत्या. एवढ्या लांब येऊन पहिलंच काम खोटं बोलायचं निघालं.

कामिनी नागपूरची. इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका शहरात हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. अनुप तिथंच रेल्वे सिग्नलच्या कंपनीत होता. दोघांची ओळख झाली ती एका जुन्या, लष्करानं सोडून दिलेल्या धावपट्टीवर. तिथं शनिवार-रविवार विमानातून उड्या मारायला माणसं जमत. शिक्षिका, सुतार, पेन्शनर, कोणीही. या खेळात उडी मिनिटभराची आणि बाकीचा सगळा दिवस ढगांकडे बघत बसण्याचा. पत्र्याच्या शेडमध्ये चहाचे मग भरायचे, सतरंजीवर पॅराशूट पसरून गुडघ्यांनी दाबून त्यातली हवा काढायची, त्याची घडी पुन्हापुन्हा तपासायची, आणि 'अर्ध्या तासात आभाळ उघडेल' हे वाक्य संध्याकाळपर्यंत ऐकत राहायचं. कितीतरी शनिवार एकही उडी न मारता दोघं आपापल्या गाड्यांनी घरी गेले होते. त्या वाट पाहण्यातच ती दोघं नागपुरी मराठीत बोलू लागली. हॉस्पिटलात कोणाला कळणार नाहीत अशा गोष्टी तिनं त्याला सांगितल्या. त्यापलीकडे दोघांमध्ये काही होतं का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

उडीत अनुप नेहमी तिच्या समोर असायचा. पॅराशूट उघडायची उंची आली की तो दोन्ही हात डोक्यावर हलवायचा. 'मी उघडतोय, बाजूला हो' अशी ती खूण. मग ती वळून दूर जायची आणि आपलं उघडायची. इतक्या वेळा हे झालं होतं की मनगटावरच्या उंचीच्या काट्यापेक्षा ती त्याच्या हातांकडेच बघायची.

तो गेला तो आकाशात नाही. डिसेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी धावपट्टीकडे येताना ओल्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली आणि झाडावर आदळली. पवनीत मात्र सगळ्यांना वाटलं, छत्री उघडली नाही. आईवडिलांना व्हिसा वेळेवर मिळाला नाही. दहन त्यांनी फोनवर पाहिलं.

आपल्या राखेतली थोडी वरून सोडावी, असं अनुप हसत हसत सगळ्यांना सांगायचा. तिथं ती रीतच आहे. मार्च संपता संपता आभाळ उघडलं. अर्धी राख कापडी थैलीत घालून कामिनीनं पोटाशी बांधली आणि ती विमानाच्या दारातून बाहेर पडली. खाली पडता पडता तिनं थैलीची दोरी ओढली. तिला वाटलं होतं, राख आपल्याबरोबर खाली येईल. पण राख हलकी. कामिनी झरझर खाली गेली आणि राख वरच राहिली. पॅराशूट उघडल्यावर तिनं मान वर केली, तर निळ्यात एक करडा पट्टा नुसता थांबून होता. खाली उतरून, पॅराशूट गोळा करून, डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं, तरी तो तिथंच.

त्यानंतरच्या उड्यांमध्ये अनुप परत आला.

पहिल्यांदा नजरेच्या कोपऱ्यात आला. मग समोर. तोच विटका निळा सूट, वाऱ्यानं फुगलेले तेच गाल. ती घाबरली नाही, हेच पुढं तिला जास्त भयंकर वाटलं. उलट शनिवारची वाट बघू लागली. सप्टेंबरमधल्या एका स्वच्छ दुपारी तो समोर होता, आणि ती सवयीनं त्याच्या हातांकडे बघत होती. तो हात हलवेना. नुसता बघत होता. ती थांबली. शेतं मोठी होत गेली, कुंपणं दिसू लागली, एका मेंढीची सावलीसुद्धा दिसली, आणि तरी ती थांबली. माणूस विसरला तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं एक छोटं यंत्र पाठीवर असतं. त्यानं झटका दिला तेव्हा ती भानावर आली. मुख्य प्रशिक्षकानं तिच्या उड्या बंद केल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. "लक्ष नव्हतं," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार? त्याच आठवड्यात तिनं भैय्यालालांना फोन केला, मी उरलेला अनुप घेऊन येते म्हणून.

पवनीतल्या घरी अस्थी आत नेल्या नाहीत. अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला गडू बांधला. शेवंताबाई दारात उभ्या होत्या. उंच, सरळ पाठीची बाई, डोक्यावरून पदर. त्यांनी गडूकडे एकदा पाहिलं, मग कामिनीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"थकून राहिली असन पोरी. हातपाय धू, जेव."

जेवताना त्यांनी विचारलं, "तू त्याची कोन होती व?"

"आम्ही एकाच विमानातून उड्या मारायचो, काकू."

"हं," शेवंताबाई म्हणाल्या आणि तिच्या भातावर आणखी वरण वाढलं. त्यांना जे कळायचं ते कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भैय्यालाल दुकानात गेल्यावर, शेवंताबाईंनी तिला खुणेनं जिन्याकडे बोलावलं. वर मोकळी गच्ची होती. वाळत घातलेलं काही नव्हतं, दोरीसुद्धा काढून ठेवली होती. खाली गल्लीत एका घरातून हातमागाची खटखट येत होती.

"आयक," त्या म्हणाल्या.

वारा अजिबात नव्हता. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. आणि डोक्यावर, बरंच वर, एक मोठं कापड फडफडत होतं. कामिनीनं मान वर केली. हा आवाज तिनं कितीतरी शनिवारी ऐकला होता.

"आयकू येते ना?" शेवंताबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "मले माहीत होतं, तुले आयकू येन. तुह्या काकाले नाई येत. डॉक्टरनं कान तपासले माहे. कान चांगले हायेत म्हने."

"कधीपासून, काकू?"

"होळीच्या आगंमागं. त्याच्या आधी नोयता. पोरगा गेला तवा मी रडली, पन घर सुनं होतं. मंग एक दिवस हे वरतं सुरू झालं. रोज दुपारी. तुमी तिकडं काय केलं त्याचं? झाडाले बांधला तो आधाच हाय. मी हात नाई लावला गडूले, पन मले समजते. आधा वरच हाय."

भैय्यालालांनी काय सांगितलं होतं ते कामिनीला आठवत होतं. तरी ती गच्चीवर खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. थैली, दोरी, वर थांबलेला तो करडा पट्टा. मग न ठरवता पुढचंही सांगितलं, जे प्रशिक्षकाला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता अनुप गेल्यापासून हरवलेली बोली तिच्या तोंडात परत आली. "तो हातच नोयता हालवत, काकू. मी वाट पाहून राहिली. मले वाटे, तो उघडन तं मी उघडीन."

शेवंताबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "तो तुले न्यायले नोयता आला," त्या म्हणाल्या. "त्याले उतरता येत नसन. म्हनून तुह्याकडे पाहे."

राग निघाला तो संध्याकाळी, भैय्यालालांवर.

"तुमी हो म्हनलं? मले न विचारता?"

"त्याची इच्छा होती."

"जित्या मानसाची इच्छा निराळी. मेल्यावर त्याले कोनं विचारलं?"

भैय्यालाल पायरीवर बसले होते. "तू फोनवर त्याले जळताना पाहात होती," ते म्हणाले. "आनखी काय सांगू तुले? मले नाई झालं धाडस." आणि ते उठून कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. गडूला हात लावायला वर केलेला हात त्यांनी तसाच खाली घेतला.

विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारचंच ठरवलं. गुरुजी सकाळची वेळ सांगत होते, पण शेवंताबाईंनी ऐकलं नाही. इश्वर नावाच्या मासेमार ढिवरानं आपला डोंगा घाटाला लावला. तिघं बसली. वैनगंगेचं पाणी संथ होतं, आभाळ अगदी स्वच्छ. पात्राच्या मध्यावर इश्वरनं वल्हं थांबवलं आणि गुरुजींनी शिकवलेल्या मंत्राच्या चार ओळी भैय्यालाल पुटपुटले.

"सोड आता," ते बायकोला म्हणाले.

"थांबा. त्याले येऊ द्या आधी." गडू छातीशी धरून शेवंताबाईंनी मान वर केली आणि हाक मारली. लहान पोराला जेवायला बोलवावं तशीच, नेहमीच्या आवाजात, थोडी वैतागून. "अनुप! ए अनुप! उतर रे खाली. कवापासून बोलावून राहिली, जेवन थंडं होऊन राहिलं!"

घाटावर कपडे धुणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. भैय्यालालांनी मान खाली घातली. शेवंताबाईंनी पुन्हा हाक मारली, मग पुन्हा.

तेव्हा पलीकडच्या काठाकडून पाण्यावर एक सावली आली. लांबट, दोन्ही टोकांना जरा वाकलेली. आभाळात पक्षी नव्हता, ढगाचा ठिपका नव्हता. कामिनीला ती सावली ओळखायला वेळ लागला नाही. जमीन जवळ येते तेव्हा आपल्याच पॅराशूटची सावली गवतावरून अशी आपल्याकडे धावत येते. पाण्यावरून सरकत ती डोंग्यापर्यंत आली, लाकडाला टेकली आणि दिसेनाशी झाली. डोंगा किंचित खाली दबला, कोणीतरी चढल्यासारखा.

इश्वरनं वल्हं तसंच धरून ठेवलं. त्यानं वर पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं आणि नदीला हात जोडले.

"आला," शेवंताबाई म्हणाल्या आणि फडकं सोडून गडू पाण्यात रिकामा केला.

त्या दुपारी शेवंताबाई गाढ झोपल्या. वर्षभरात पहिल्यांदाच, असं भैय्यालाल म्हणाले. कामिनी एकटीच गच्चीवर जाऊन आली. खालच्या मागाचा आवाज सोडला तर वर काहीच नव्हतं.

इंग्लंडला परतल्यावर हिवाळा नेहमीसारखा ढगांत गेला. वसंतात मुख्य प्रशिक्षकानं तिला पुन्हा परवानगी दिली, पहिली उडी आपल्याबरोबर मारायची या अटीवर. ती दारातून बाहेर पडली. समोर प्रशिक्षक होता. त्याच्या मागं निळं आभाळ, आणि बाकी कोणी नाही. तिनं काट्याकडे बघून योग्य उंचीवर पॅराशूट उघडलं, सरळ उतरली, आणि ओल्या गवतात बसून इतकी रडली की प्रशिक्षकाला वाटलं, पाय मोडला. जे जावं म्हणून ती साता समुद्रापलीकडे गेली होती ते गेलं होतं. आता ते नाही, हे तिला सोसवत नव्हतं.

शेडमागं जाऊन तिनं पवनीला फोन लावला.

"बरी हायेस ना पोरी?" शेवंताबाईंचा आवाज हलका होता, मागं भांडी वाजत होती. "उडी मारली? तिथं नसन तो. तो इथं हाय घरी. दुपारचा मागाजवळ बसते. बोलत नाई, पन बसते."

"काकू, तो अजून घरीच आहे? नदीत सोडला ना आपण?"

"मंग? आलेला पोरगा हाकलून देऊ का?" त्या हसल्या. "घे, अनुपच्या बाबूजींसंग बोल. माहा हात पिठाचा हाय."

भैय्यालाल फोनवर आले. तब्येत, हवा, प्रवास, सगळं विचारून झालं. मग त्यांचा श्वास ऐकू आला, घरातून अंगणात गेल्यासारखा, आणि आवाज अगदी खाली गेला.

"बेटा, मलेबी दिसते आता."

"काका..."

"तिले नाई दिसत वाटते, नाई तं तिचं लक्ष नाई. बसते म्हनते. बसत नाई तो. त्याचे पाय जमिनीले टेकत नाई. एवढंसं राहाते मधात. बोटभर. तिले सांगू का नोको?"

पलीकडे शेडमध्ये पुढच्या विमानाची नावं पुकारत होते. तिचंही नाव होतं. कामिनीनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"सांगा," ती म्हणाली. "या वेळी सांगा, काका."