एकोणसाठ

सासऱ्यांना अख्खी शाळा ताळामास्तर म्हणायची. गणित सुटलं की नऊचा ताळा घ्या, म्हणजे अंकांची बेरीज एकेरी होईपर्यंत करत जा, आणि ताळा जुळला तरच पेन खाली ठेवा, असा त्यांचा हेका. सून घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिलाही त्यांनी ताळा शिकवला. मराठी आकडे येतात ना, असंही विचारलं. तिची सगळी शाळा इंग्रजीत झालेली. पन्नाशीच्या पुढे गेलं की तिची तारांबळ उडायची. पण नव्या घरात कुठे हसू करून घ्या, म्हणून ती हो म्हणून मोकळी झाली.

आता सासऱ्यांचे डोळे गेले होते. त्याआधी चौदा वर्षं त्यांनी एकाच संख्येचा पिच्छा पुरवला होता: ओळीने एकतीस एक लिहून होणारी. दिसायला इतकी सरळ, की फुटणारच नाही असं वाटावं. पण ती निघाली संयुक्त, आणि रोज दोनतीन भागाकार करत मास्तरांनी तिचे तीन तुकडे केले. कॉम्प्युटर हेच काम चहाला उकळी यायच्या आत करतो, हे त्यांना ठाऊक होतं. गुणाकार यंत्राने करावा, भागाकार माणसाने, असा त्यांचा दंडक होता.

पहिले दोन विभाजक वहीत होते, २७९१ आणि ६९४३३१९. तिसऱ्याचं पान भिजून गेलं होतं. तो वीस अंकी आकडा उरला होता फक्त त्यांच्या डोक्यात. शाळेच्या वार्षिक अंकासाठी या कामाचं टिपण द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी तो दोनदोन अंकांनी सांगितला: "सत्तावन्न, तेहेतीस, चौसष्ट, पंधरा, शून्य सहा, सदतीस, नव्वद, साठ, त्रेचाळीस, एकोणसाठ." सुनेने बोटं मोजत टाइप केला आणि तिघांचा गुणाकार लावला. मग मोठ्याने वाचू लागली. एकोणीस वेळा एक आला. विसाव्याला तीन.

 "डोळे गेले ते गेले," सासरे म्हणाले. "आता डोकंही शेपटाकडून निसटायला लागलं. पुसून टाक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर वाचून घेतला नाही. लक्षात राहणार थोडाच, म्हणाले.  दुपारी सून कागद घेऊन बसली आणि त्यांनीच शिकवलेला ताळा घेतला. एकतीस एकांचा ताळा चार. पहिल्या विभाजकाचा एक, दुसऱ्याचा आठ; म्हणजे तिसऱ्याचा पाच हवा होता, कारण आठ पंचे चाळीस आणि चाळीसचा ताळा चार. आला सहा. कुठेतरी एक जास्त पडला होता.

ती एकेक जोडी पुटपुटत गेली आणि शेवटच्या जोडीवर अडकली. एकोणसाठ. साठ ऐकलं की तिचा हात सहावर जायचा. तिने ६९ लिहिलं होतं. एकोण म्हणजे एक उणा. जो एक उणा करायचा, तो त्या शब्दातच बसला होता, आणि तो शब्द तिला कधी आलाच नव्हता.

गुपचूप दुरुस्त करून कॉम्प्युटर बिघडला होता म्हणता आलं असतं. पण मग त्यांच्या मनातली भीती तशीच राहिली असती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं नाही चुकलं, माझं चुकलं. मला मराठी आकडे येत नाहीत. सहा वर्षं खोटं बोलले."

तू काय लिहिलं होतंस, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं आणि नवा गुणाकार वाचला. ते बोटांवर मोजत होते. एकतिसावा एक आला तेव्हा त्यांनी मूठ मिटली.

"तू चुकलीस," ते म्हणाले, आणि चेहरा असा उजळला की तिला रडूच आलं. "फार उपकार झाले, पोरी."

तिलाही तेच म्हणायचं होतं. ताळा त्यांनी शिकवला नसता तर ती त्यांना या भीतीतून कशी काढणार होती? पण तेवढ्यात ते टिपण पुढे सांगू लागले होते. "उद्या सकाळी एकोणीसपासून तुझे मराठी आकडे सुरू करू. आता शेवटची ओळ घे. या कामात एकच चूक सापडली. ती माझी नव्हती, याबद्दल सूनबाईंचे आभार."