अकरा मशीनांचा कोप

माझा मुलगा बायकोचं एक वाक्य पुरतं ऐकून घेत नाही, आणि परक्या माणसाने डोळे मिटले की त्याच्यापुढे तासभर हात जोडून उभा राहतो. त्या दिवशीही तसाच उभा होता. आमच्या छापखान्यातली कॉम्प्युटरची खोली माणसांनी खचाखच भरली होती. कामगार, गिऱ्हाइकं, समोरचा शिंपी, सगळे टाचा उंचावून बघत होते.

मधोमध खुर्चीवर स्पर्शगुरू. अंगावर भलीमोठी शाल, दोन्ही हात शालीच्या आत. महिनाभर आमची कॉम्प्युटरची मशीनं भर कामात एकदम बंद पडत होती. दुरुस्तीवाल्याने हात टेकले आणि त्यानेच या गुरूला आणलं.

"माई, वायरीतून यंत्राचं रक्त वाहतं," गुरू मला म्हणाले. "अशुभ सावली पडली की ते गोठतं."

"रक्त वाहतं, तर विजेचं बिल कशाचं येतं?"

"आई, गप्प बस!" मुलगा ओरडला.

गुरूंनी सुनेला आत बोलावलं. तिने उंबरठा ओलांडला आणि मशीनांचे पडदे काळे पडले. "बाहेर!" गुरू गरजले. ती बाहेर गेली, गुरू काहीतरी पुटपुटले आणि मशीनं जागी झाली. शिंप्याने तर लोटांगणच घातलं.

"सात वर्षं ही इथे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावते आहे," मी म्हटलं. "तेवढी वर्षं सावली काय रजेवर होती?"

कोणी हसलं नाही. दर महिन्याला पैसे मोजून गुरूंकडून शुद्धी करून घ्यायचं ठरलं. मुलगा सगळ्यांदेखत सुनेला म्हणाला, "आजच माहेरी जा. बोलावीन तेव्हा ये."

हा छापखाना मी हाताने कागद दुमडून उभा केला. पण आता तो त्याच्या नावावर आहे आणि माझ्या शब्दाला तिथे चहाच्या रिकाम्या कपाएवढी किंमत.

गुरू आणि दुरुस्तीवाला पुढच्या खोलीत चहाला बसले. सून बॅग भरून, अर्धी राहिलेली पानं आवरायला कॉम्प्युटरच्या खोलीत आली. मी तिला म्हटलं, "अगं, ते कोपऱ्यातलं परवा आणलेलं बारावं मशीन मघाशी चालूच होतं. त्याला तुझी सावली लागत नाही का?"

तिने बॅग खाली ठेवली. दुरुस्तीवाला बसायचा ते, या बारांखेरीजचं, मुख्य मशीन उघडलं आणि बघतच राहिली.

"आई, एका जागेवरून सगळी मशीनं सांभाळायचं हे साधन आहे. मोठ्या ऑफिसांत लागतंच. आज्ञा कोणती, ती कोणत्या मशीनांवर चालायची, कोणी चालवायची, एवढं एकदा ठरवून ठेवायचं. मग एक कळ दाबली की सगळीकडे तेच होतं."

तिथे दोन आज्ञा होत्या. एकीचं नाव 'कोप', दुसरीचं 'कृपा'. खाली अकरा मशीनांची यादी, महिन्यापूर्वीची. बारावं त्यात घालायचं राहून गेलं होतं. चालवणारे दोघे: दुरुस्तीवाला आणि गुरूंचा फोन.

मी सगळ्यांना हाका मारल्या. सुनेने 'कोप' दाबला. अकरा पडदे काळे. 'कृपा' दाबली. अकरा उजळले. ती खोलीच्या मधोमध उभी होती, सावलीसकट.

मी गुरूंची शाल ओढली. फोन मुठीतच होता. दोघे मागच्या दाराने पळाले.

"मला आधीच शंका होती," शिंपी म्हणाला.

सून नवऱ्याकडे बघत थांबली. एका शब्दासाठी. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सगळ्यांसमोर जा म्हटलंय. लगेच शब्द फिरवला तर कामगार काय म्हणतील? चार दिवस जाऊन ये."

तिने बॅग उचलली. मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला आणि गेली. मला दारात उभं राहण्यापलीकडे काही करता आलं नाही.

मग मी वळले.

"गुरूने तुला फसवलं, असं मी कुणाला सांगणार नाही," मी मुलाला म्हटलं. "मी चौथीत शाळा सोडली, तरी समोरचं बघून प्रश्न विचारते. कोणालाही विचारता येतो. तू एकही विचारला नाहीस, कारण दोष बायकोचा निघत होता आणि तुला तो चालत होता."