दोनशे चौदा हाका

स्टुडिओत तिला सगळे उच्चारबाई म्हणत. काम म्हणाल तर एवढंच, की व्हिडिओ गेममधलं प्रत्येक ग्रीक नाव इंग्रजीत कसं म्हणतात ते शोधायचं आणि आपल्या आवाजात एकदा नीट म्हणून ठेवायचं. कलाकार काचेपलीकडच्या खोलीत उभा राहिला, की त्याच्या कानात आधी तिचा आवाज वाजायचा, मग तो आपलं वाक्य बोलायचा. पडद्यावर तलवारी खणखणोत नाहीतर राक्षस डरकाळ्या फोडोत, नावं मात्र सगळ्यांच्या तोंडी तिनं घातलेली.

कायरन, हेकटी, कलायपी. जिभेला गाठ बसेल अशी एकशे साठ नावं तिनं तीन-तीन ठिकाणी ताडून पाहिली होती. ताडलं नव्हतं ते एकच, पर्सेफोन. पाताळाच्या राजानं पळवून नेलेली मुलगी आणि तिला शोधत रानोमाळ भटकणारी आई, ही गोष्ट तिनं लहानपणी इतक्या वेळा वाचली होती, की ते नाव घरच्या माणसाचं झालं होतं. आणि घरच्या माणसाचं नाव कोण शब्दकोशात बघत बसतं?

तेच नेमकं चुकलं. स्पेलिंगच्या शेवटी ‘फोन’ असलं तरी ‘पर्सेफनी’ म्हणतात हे तिला कळलं, तोवर अकरा कलाकारांनी दोनशे चौदा वेळा ‘पर्सेफोन’ म्हणून टाकलं होतं. त्याला दीड महिना झाला. दीड महिना ती मूग गिळून बसली होती. तोंड उघडलं असतं तर सगळं नव्यानं रेकॉर्ड करावं लागलं असतं आणि मग तिला कबूल झालेल्या अर्ध्या दिवसाच्या कामाची गोष्टच नको. घरी आठ महिन्यांची ठमी, सासूबाईंपाशी. ही सकाळी निघायची तेव्हा ठमी झोपलेली आणि परत यायची तेव्हा पेंगुळलेली. मधली अख्खी ठमी तिला फोनमधल्या फोटोंतच भेटत होती. उद्यापासून अर्धाच दिवस यायचं, असं दिग्दर्शकानं कबूल केलं होतं. आज आक्कांचं काम उरकलं की झालं.

आक्का म्हणजे चाळीस वर्षं रंगभूमी गाजवलेली नटी. त्या डिमीटर होणार होत्या, हरवलेल्या मुलीची आई.

रेकॉर्डिंग चालू असताना आवाज नको म्हणून एसी बंद. खिडकी नावालाही नाही. दिग्दर्शकाच्या शर्टाला घामाचा नकाशा उमटलेला. आक्कांनी हेडफोन गळ्यात अडकवला, डोळे मिटले आणि हाक मारली, “पर्सेफनी!”

उच्चारबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“झकास, आक्का,” दिग्दर्शक म्हणाला. “पण नाव पर्सेफोन आहे. हेडफोन कानाला लावायचा असतो हो, दागिना नाही तो.”

“कोण म्हणतं पर्सेफोन?”

“आमच्या उच्चारबाई.”

आक्कांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. “मी तरुणपणी हिचंच नाटक केलंय, अगं. आम्ही पर्सेफनी म्हणायचो. पण आमचा मास्तर पक्का ठोकून देणारा. तूच सांग, पोरी.”

तिनं बोलण्याचं बटण दाबलं. “यादीत आहे तसंच म्हणा, आक्का.”

‘बरोबर आहे’ असं तिनं म्हटलं नाही. तेवढी पळवाट ठेवली.

“बरं बाई. तू शिकलेली. इतकी वर्षं चुकत होते म्हणायची!” आक्कांनी पेन्सिल घेतली आणि कागदावर जिथे जिथे ते नाव होतं तिथे तिथे खूण केली. मग त्या चुकीचं नाव मन लावून शिकू लागल्या. एकदा, चारदा, नऊदा. हाक काही जमेना.

“तोंडच मिटतंय गं शेवटी. हाक लांब जातच नाही. लेकीला बोलावतेय की शेजारणीकडे फोन मागतेय, काही कळत नाही.”

दिग्दर्शक हसला. ती हसली नाही.

दहाव्यांदा चुकल्यावर आक्कांनी कपाळ पुसलं. “माझ्यापायी तुला उशीर होतोय, पोरी. म्हातारीची जीभ, वळता वळत नाही. लेकरू आहे ना घरी?”

“हो.”

“केवढं?”

“आठ महिन्यांचं.”

“अगं बाई! थांब, आता नक्की जमवते.” आणि आक्कांनी पुन्हा डोळे मिटले.

तिनं बटण दाबलं. “आक्का, तुमचंच बरोबर आहे. चूक माझी. मला ठाऊक आहे ते.”

दिग्दर्शकाची खुर्ची कर्रकन वळली. “कधीपासून?”

“दीड महिना.”

“दीड महिना! आणि हे आज सांगताय? किती ठिकाणी आहे ते?”

“दोनशे चौदा.”

“मोजलंयसुद्धा! वा!” त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “अकरा जणांना पुन्हा बोलवायचं, त्यांच्या तारखा मिळतील तसं. त्यांना घेऊन बसणार कोण? मी?”

“मी बसेन.”

“दहा ते सात. दोन महिने तरी. ते अर्ध्या दिवसाचं विसरा.”

“विसरले.”

मन हलकं वगैरे काही झालं नाही. त्याच कोंदट खोलीला आतून आणखी एक कडी लागल्यासारखं वाटलं. आक्का कागदावरच्या खुणा खोडू लागल्या.

ती बाहेर आली आणि घरी फोन लावला. मागे ठमी टाहो फोडत होती.

“आई, उद्यापासून लवकर येणं नाही जमणार. दोन महिने तरी.”

“का गं? त्यांनी शब्द फिरवला?”

“नाही. माझं चुकलं होतं, ते निस्तरायचंय.”

“कबूल केलंस?”

“हो.”

“मग रडू नकोस. इथे एक रडतेय ती पुरे आहे मला.” पलीकडे थोपटण्याचा आवाज आला. “दात येतोय तिला. खालचा. आज दुपारी दिसला.”

तिनं भिंतीला डोकं टेकवलं. दात दिसला होता, आणि ती तिथे नव्हती.

“उच्चारबाई,” आतून दिग्दर्शक ओरडला, “ते नाव नव्यानं रेकॉर्ड करायचंय, आक्का ताटकळल्यात!”

“ऐकतेयस ना?” सासूबाई विचारत होत्या. “उद्या डबा मोठा देऊ?”

“मोठाच द्या, आई,” ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार ओढून घेतलं.