तिसरा ढीग

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी रंगाच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. अडीचपर्यंत एकतीस जखमी इस्पितळाच्या आवारात आडवे होते. डॉक्टर दोन, ऑपरेशनची टेबलं दोन. फाटकाशी इंग्रजीत पाटी टांगली होती: ट्रायाज. तिच्याखाली एक सिस्टर एकेकाच्या मनगटाला फीत बांधत होती. लाल म्हणजे आधी. पिवळी म्हणजे थांबू शकेल. काळी म्हणजे वेळ घालवायचा नाही.

बॉयलरवाल्याला काळी मिळाली.

त्याची बायको कॉफीच्या गोदामात बिया निवडते. ती तीनला पोचली, अंगावर कामाचा ॲप्रन तसाच. सोबत धाकटा दीर होता, शाळेत इंग्रजी शिकवणारा.

"भाऊजी, पाटीवर काय लिहिलंय?"

"निवड. मूळ फ्रेंच शब्द, वहिनी. आधी लोकर निवडायला वापरायचे, मग कॉफीला. फुटक्या, हलक्या बियांनाच ट्रायाज म्हणायचे. माणसांना लागला तो पुढे, महायुद्धात..." तो थांबला.

"थांबलात का? वर्गात घंटा झाली तरी पोरांना सोडत नाही म्हणे तुम्ही. यांच्या हाताला काळी बांधलीय, म्हणजे काय ते सांगा."

त्याने सांगितलं.

ती थेट सिस्टरपुढे जाऊन उभी राहिली.

"यांना कधी बघितलंत?"

"बाई, बाजूला व्हा."

"कधी?"

"अडीचच्या आधी."

"आमच्याकडे तिसरा ढीग, टाकाऊ बियांचा, पोत्यात भरायच्या आधी पुन्हा बघतात. तोही दुसऱ्या बाईने. पहिलीचे डोळे दमलेले असतात. दर खेपेला मूठभर चांगल्या निघतात."

"ही माणसं आहेत. बिया नाहीत."

"मग दोनदा बघायला नकोत?"

सिस्टरने हातातली फीत बांधून पुरी केली आणि आतल्या सिस्टरला हाक मारली.

काळ्या फितीचे सहा जण भिंतीलगत होते. आतली सिस्टर एका टोकाने निघाली. पहिल्या तिघांपाशी तिने नुसती मान हलवली. चौथा बॉयलरवाला. ती गुडघ्यांवर बसली, त्याच्या मानेवर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत राहिली. मग कात्रीने काळी फीत कापून लाल बांधली. पाचव्या, सहाव्याची काळीच राहिली.

"आता आत नेतील?" बायकोने विचारलं.

"याच्या आधी सात लाल आहेत."

पाच वाजून वीस मिनिटांनी त्या सात लालांपैकी पाचवा आत गेला. बॉयलरवाला आवारातच होता. श्वास चालू होता.